रिकामा फ्लॅश

ताईच्या लग्नाला बारामतीहून निरवांगीला आलेल्या त्या फोटोग्राफरचं नाव मी विचारलंच नाही. त्याचा अंगठा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक फोटोआधी तो अंगठ्यानं खटका ओढून रोल पुढं सरकवायचा. अक्षता पडल्या, पाहुण्यांची रांग लागली, आणि माझ्या लक्षात आलं, फ्लॅश तर उडतोय, पण अंगठा हलत नाही.

मी त्याला मांडवामागं गाठलं.

"व्हय, रिकामाच उडवतोय," तो शांतपणे म्हणाला. "चारच फोटू उरल्यात. सप्तपदी हाय, पाठवणी हाय. दुसरा रोल हितं कुठं मिळायचा? आन् न्हाय म्हणलं की पाव्हणं रुसत्यात. तोंडावर उजेड पडला की माणूस खूश."

आम्ही परत आलो, तर आमचे चुलत आजोबा, तात्या, फेटा सारखा करून खुर्चीत बसलेले. उभ्या जन्मात त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला, अंगठा खटक्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "सांगा, वढू का?"

तात्या श्वास रोखून, डोळे ताणून बसले होते. मला ताईची पाठवणी दिसत होती. मी मानेनंच नाही म्हटलं. फ्लॅश उडाला.

महिन्यानं अल्बम आला. तात्यांनी तो दोनदा चाळला.

"माझा फोटू कुठं हाय रं?"

"तुमचे डोळे मिटले, तात्या. खराब झाला."

"न्हाय रं," तात्या म्हणाले. "डोळ्यातनं पाणी आलं, पर म्या पापणी हलू दिली न्हाय."