कडांना वळलेला तळ

सर्वेक्षण जहाजाच्या पडद्यावर समुद्राचा सपाट तळ दोन्ही कडांना वर वळलेला दिसला आणि सर्वेक्षकाने मोजणी थांबवली. खोली मोजायची ती आवाजाने, आणि दुपारी पाणी तापलं की आवाजाचा वेग बदलतो आणि कडांची मापं चुकतात. तो तपासणारं यंत्र पुन्हा पाण्यात सोडायचं, हे थकव्याच्या भरात तो साफ विसरला होता.

"कडा छाटून टाका की, साहेब," कप्तान जांभई देत म्हणाला. "खाली जाऊन बघतंय कोण?"

"या नकाशाच्या भरवशावर जहाजं जाणार आहेत, कॅप्टन. दुपारचं सगळं परत करायचं."

"मग उद्याची बोट हुकली तुमची."

त्याच बोटीने तो घरी निघणार होता. परवा लेकीला वसतिगृहात सोडायचं कबूल केलं होतं. त्याने बायकोला फोन लावला.

"कळलं, बोलू नकोस," ती म्हणाली. "आता काय बुडालं?"

"काही बुडू नये म्हणूनच थांबतोय गं. चूक माझीच आहे."

पलीकडे ट्रंक फरफटल्याचा आवाज आला.

"ट्रंक आम्ही दोघी उचलू. तू तुझा समुद्र सरळ कर."

त्याने तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि यंत्राची दोरी हळूहळू खाली सोडली.