विहीणबाईंच्या दोराला माणूस पाहिजे

माझ्या विहीणबाईंइतकं वाट बघायचं वावडं असलेलं माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. चहाला उकळी येईपर्यंत थांबणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांच्या घरी चहा फिका आणि कोमट. पण तो इतक्या लवकर हातात येतो की माणूस तक्रार करायचं विसरतो. गोष्टीचं पुस्तक त्या शेवटून उघडतात, शेवट पटला तरच पहिल्या पानाकडे वळतात. टीव्हीवर खुनाची मालिका लागली की दहाव्या मिनिटाला खुनी कोण ते जाहीर करून भांडी घासायला उठतात, आणि खुनी दुसराच निघाला तर दोष मालिका लिहिणाऱ्याचा. आमच्या मुलांचं लग्न ठरत होतं तेव्हा मानपानाचं कसं बोलायचं याची मी चार दिवस मनात जुळवाजुळव करत होते, तर या बाई दारातून आत येता येता, अजून चप्पल पायात असताना म्हणाल्या, “मुलगी आवडली, मानपान नको, तारीख बोला.” माझी सगळी तयारी वाया गेली. अशा या बाईंनी म्हातारपणी हौसेनं कोणतं काम पत्करावं, तर ज्यात वाट बघण्यावाचून फारसं काही नाहीच असं.

त्या मूळच्या अमरावतीच्या. यजमान डॉक्टर, त्यांच्याबरोबर इंग्लंडला आल्या आणि मधल्या भागातल्या डोंगराळ मुलखात एका जुन्या बाजाराच्या गावी राहिल्या त्या राहिल्याच. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते लोक लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, आणि मी म्हटलं की तिसरंच होतं. यजमान गेल्यावर दगडी घरात एकट्या. जावई आणि माझी मुलगी मँचेस्टरला. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी मुलीकडे गेले तेव्हा तिनं मला मागच्या बाजूला बांधलेली नवी खोली दाखवली. खाली बाथरूम, जिना नाही, सकाळचं ऊन थेट पलंगावर. वर्ष झालं तयार होती. “आई, त्या नुसतं बघू म्हणतात गं,” मुलगी म्हणाली. थंडीत एकट्या डोंगर फिरतात, एकदा बर्फावरून घसरल्या, तेव्हापासून जावई रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो. “तू चार दिवस जाऊन राहा आणि बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील.” माझं कोण ऐकतं हे तिला ठाऊक असायला हवं होतं, पण मुलीला खोली बघून रडू यायला लागलं, म्हणून मी निघाले.

बसस्टँडवर न्यायला येईन म्हणाल्या होत्या. मी खिडकीतून दगडी भिंती आणि मेंढ्या बघत बसले होते, गाव अजून आलं नव्हतं, तेवढ्यात एका स्टॉपवर पँट, त्यावर यजमानांचा जुना कोट आणि कपाळाला टिकली अशी एक बाई बसमध्ये चढली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. “आलात? चला.” स्टँडवर उभं राहवेना म्हणून त्या बसच्या दिशेनं चालत सुटल्या होत्या आणि अलीकडच्या स्टॉपवर त्यांना बस भेटली होती. मला न्यायला आलेलं माणूस माझ्यासोबत बसून मला न्यायच्या जागी उतरलं.

दुसऱ्या दिवशी बाजार. चौक फरशीचा, उतरता, मधोमध जुन्या खांबांवर छप्पर. पूर्वी बायका तिथं लोणी घेऊन बसत म्हणे. चीज, बांगडे मासे, पावाचे गोळे, जुनी कपबशी, सगळं मांडलेलं. तिथले लोक बोलायला संथ, आणि सगळ्यांना प्रेमानं बदक म्हणतात. खरंच. ‘काय हवं बदका’ असं. चीजवाला एवढा म्हातारा आणि सावकाश की त्याचं वाक्य सुरू झाल्यावर मी पलीकडच्या दुकानात जाऊन आले असते. विहीणबाईंनी त्याचं अर्धं वाक्य पुरं केलं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मला चव दाखवली, मला आवडल्याचं त्याला सांगितलं आणि पिशवी उचलली. तो गृहस्थ शांतपणे माझ्याकडे वळून काही म्हणाला. मी विचारलं काय म्हणतो, तर विहीणबाई म्हणाल्या, “म्हणून राहिला, आज मलाही बोलू द्या थोडं.” आणि दोघं हसत सुटली.

चौकाच्या कोपऱ्यावर चर्च, त्याचा मनोरा चांगला उंच. त्याच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “त्यातली धाकटी माझी.” मला वाटलं, मनोऱ्यात कुणी मुलगी राहते. मग कळलं की घंटा. यजमान गेले त्या वर्षी दर बुधवारी संध्याकाळी मनोऱ्यात सरावाच्या घंटा वाजत. सहा घंटा, एकीमागून एक, आणि त्यातली एक दर वेळी जरा मागे राहायची. घरात एकटं बसलेलं माणूस, त्यातून या अशा. तो मागे राहणारा ठोका यायची वाट बघून यांचा जीव कासावीस व्हायचा. दोन-तीन बुधवार सोसलं आणि मग कोट घालून, मनोरा चढून तक्रार करायला गेल्या की तुमच्यातलं एक माणूस उशीर करतं. उशीर करणारे ते म्हातारे गृहस्थ खांदा चोळत म्हणाले, बाई, मलाही कळतंय, तुम्हीच घ्या. आणि दोर यांच्या हातात दिला.

“अहो, पण चर्चमध्ये?” मी विचारलं. माझा प्रश्न देवाच्या बाजूनं होता.

“आम्ही वाजवतो. प्रार्थना सुरू झाली की खाली उतरून घरी येतो. बाकीचेही तसेच, बाप्पा. घरी येऊन मी गणपतीला फूल वाहते. त्याची काही तक्रार नाही.”

बुधवारी सकाळी त्यांनी मला डोंगरावर काढलं. तिथं शेतांना दगडी कुंपण, आणि कुंपणात माणूस जाईल एवढीच फट ठेवतात. माणूस जावा आणि मेंढी अडावी असा हिशेब. माझी गणना मेंढीत झाली. विहीणबाईंनी पलीकडून हात ओढून मला बाहेर काढलं. पुढे वाट सरळ कुणाच्या तरी उभ्या गव्हातून. मी शेतकऱ्याच्या घरची. दुसऱ्याच्या पिकात पाय घालायचा म्हणजे मला घाम फुटला, मी बांधाबांधानं निघाले. “अहो, वाट सगळ्यांची आहे,” त्या पुढून ओरडल्या, “मालकालाच सोडावी लागते ती.” त्या तरातरा पुढे, आणि मी मागून दोन्ही बाजूंच्या ओंब्यांना हात लावून मनातल्या मनात माफी मागत. वाटेत मेंढ्या आडव्या आल्या तर त्यांनाही या वऱ्हाडीत रागावल्या, आणि मेंढ्या सरकल्या. तीस-पस्तीस वर्षांत त्यांना भाषा कळायला लागली असावी.

माथ्यावर पोचलो. खाली सगळं गाव: पाटीसारखी काळी छपरं, चौक, नदीचा पूल आणि तो मनोरा. मी दम घेत होते, बोलणं कुठून काढावं ते जुळवत होते. लग्नाच्या वेळची गत पुन्हा झाली.

“बोला आता,” त्या म्हणाल्या. “ज्यासाठी पाठवलंय ते.”

मग मी बोलले. खोलीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, जावई उशाशी फोन घेऊन झोपतो तेही सांगितलं. म्हटलं, तो कामावर जातो आणि त्याचं अर्धं लक्ष इथल्या बर्फावर असतं, हे काही बरं नाही. आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी माझं एकही वाक्य पुरं केलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

“मी नाही म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “मुलगा बोलावून राहिला, सून चांगली आहे. जाईन मी. पण माझ्या दोराला माणूस पाहिजे. सहाच जण आहोत. मी अशीच उठून गेले तर पाच घंटा वाजतील, आणि माझी नुसती लटकून राहील. एक चांगला माणूस बघून देते, मग येते.”

मला ते अगदी रास्त वाटलं. संध्याकाळी सरावाला मला घेऊन गेल्या. मनोऱ्याचा जिना गरगर फिरणारा, अंधारा, कठड्याच्या जागी नुसता दोर. वर चौकोनी खोली, छताच्या भोकांतून सहा दोर उतरलेले, हाताशी लोकरीची जाड रंगीत पकड. घंटा वरच्या मजल्यावर, दिसत नाहीत. मला वाटलं होतं, आपण देवळात हात वर करून वाजवतो तसं असेल. तसं नाही. अवजड घंटा गरकन पुरी फिरते, तोंड वर करून क्षणभर तोल धरते, मग उलटी फिरते. ओढायचं थोडं, थांबायचं फार. त्यांचे म्होरके म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर, ते मला सगळं समजावत होते आणि विहीणबाई मराठीत सांगत होत्या. लहान घंटा चटकन फिरते, मोठ्या सावकाश. म्हणून धाकटीनं मोठ्यांसाठी तोल धरून थांबायचं. सहांत सगळ्यांत जास्त थांबावं लागतं ते धाकटीला.

मग घंटा सुरू झाल्या. मी बाकावर बसून विहीणबाईंकडे बघत होते. दोन्ही हात डोक्यावर, दोर ताणलेला, टाचा जराशा उचललेल्या, नजर बाकीच्यांच्या दोरांवर. आणि थांबलेल्या. मी त्यांना लग्नात पाहिलंय, यजमान गेले त्या दिवसांत पाहिलंय, सतत कुठंतरी निघालेल्या. इथं त्या पोचलेल्या होत्या. सकाळी डोंगरावर त्या खोलीतलं ऊन मी फार रंगवून सांगितलं होतं. ते मला तिथं बसल्या बसल्या फिकं वाटायला लागलं.

सराव संपल्यावर, माणूस शोधायची सुरुवात त्यांनी माझ्यापासून केली. गुरांच्या डॉक्टरांनी दोर धरून ठेवला आणि मी त्यांच्याबरोबर हात लावून दोन वेळा ओढला. विहीणबाईंनी लगेच निकाल दिला, “तुम्ही नाही चालायच्या. ओढताना बोलता.”

परत येऊन मुलीला सांगितलं, हो म्हणाल्या, माणूस मिळाला की येतात. मुलगी खूश. म्हणाली, एवढं गाव आहे, महिन्याभरात मिळेल. मीही म्हटलं, मिळेल की.

सांगलीला माझ्या घरी परत आले आणि दर रविवारी दुपारी विहीणबाईंचा फोन यायला लागला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. “पोस्टमन आला होता शिकायला. उंच आहे चांगला. पण घाई फार करून राहिला तो.” हे त्यांनी म्हणावं. बेकरीवाल्याची सून विहिरीतून पाणी शेंदल्यासारखी ओढते. लायब्ररीतल्या बाईंचा हात चांगला, पण तोंडानं आकडे मोजतात. लंडनहून एक जोडपं गावात राहायला आलं होतं, त्यातला नवरा दोर ओढताना बायकोकडे बघतो. मी विचारलं, मग बायको? तर म्हणे, “ती त्याच्याकडे बघत नाही. तिचं मन नाही कशात.” एकदा जावयानं वैतागून सांगितलं की आई, मीच दर रविवारी येऊन ओढतो. त्यावर यांचं उत्तर, तू दर रविवारी इथं येणार असशील तर मी मँचेस्टरला येऊन कुणाला भेटू? मुलगी मला फोनवर विचारायची, आई, हे काय चाललंय? मी म्हणायचे, अगं, काम नाजूक असतं ते, मी पाहिलंय.

असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा धरला. मनोरा चढता यायचा, उतरताना मात्र एकेका पायरीवर बसत खाली यायच्या. हे त्यांनी मुलाला स्वतःच सांगितलं, आणि मला सांगताना वर म्हणाल्या की बसून उतरलं की निदान घसरायची भीती नाही.

मग वसंतातल्या एका रविवारी फोन आला. नेहमीसारखाच, पण बोलणं सुरू व्हायला वेळ लागला. गावच्या दवाखान्यात एक नवी नर्स आली आहे म्हणाल्या. केरळची. रविवारी चर्चला यायची, एक दिवस वर बघायला आली आणि शिकायला लागली. दोन मुलं तिकडे आजीजवळ ठेवून आली आहे, त्यांचे इकडे यायचे कागद व्हायचे आहेत.

मी विचारलं, “कशी वाजवते?”

“छान वाजवते हो. थांबते छान. मला शिकायला वर्ष लागलं ते तिला येतंच होतं.”

मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, जावयाचा उशाशी ठेवलेला फोन आला, आणि तरी तोंडातून निघालं ते असं: “विहीणबाई, नीट बघा. काहीतरी खोट असेलच.”

“शोधली,” त्या म्हणाल्या. “दोन महिने शोधून राहिले. नाही सापडली.”