बारा व्होल्टची थंडी

फ्रीज या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. कोपरखैरण्यात मी वीसेक वर्षं खानावळ चालवली. या काळात लहान, मोठे, नवे, जुने, दार न लागणारे आणि रात्री भुतासारखे घुरघुरणारे किती फ्रीज माझ्या हाताखालून गेले, त्याची गणती नाही. दुकानात सगळेच फ्रीज गार असतात. खरा फ्रीज कळतो मे महिन्यातल्या दुपारी, आत पन्नास माणसांचं दही असताना. त्यामुळे ट्रेलरात बसवायचा फ्रीज मी निवडणार, हे घरात मी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

ट्रेलर होता दिराच्या बेन्जो पार्टीचा, म्हणजे वाजंत्री पथकाचा. हळदीच्या कार्यक्रमांना जाताना ते त्यातून स्पीकर न्यायचे. पुढे त्यांनी टेम्पो घेतला आणि दोन चाकांचा तो लोखंडी खोका बोनकोड्यात आमच्या इमारतीच्या बाजूला पडून राहिला. खाली मांजरी व्यायच्या, वर सोसायटीच्या पोरांचे चेंडू जाऊन बसायचे. तो मी मागून घेतला. नावड्याच्या एका फॅब्रिकेटरकडून त्याला खिडक्या काढून घेतल्या, आत पलंग, ओटा, छपरावर सोलर पॅनल आणि पलंगाखाली मोठी बॅटरी बसवली. गावातल्या बायकांनी विचारलं, आता म्हातारपणी तमाशाचा फड काढणार का? मी म्हटलं, तिकिटं तुम्हालाच विकीन.

हा सगळा खटाटोप माझ्या नवऱ्यासाठी होता. त्याला मधुमेह आहे आणि तो इन्शुलिनवर आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नाला गेलो असताना लॉजवर उतरलो होतो. इन्शुलिनची पेनं त्याने काउंटरवर दिली आणि फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली. तिथल्या माणसाने चांगल्या मनाने ती फ्रीजरमध्ये ठेवली, जास्त गार म्हणजे जास्त चांगलं अशा समजुतीने. इन्शुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं, मग ते पुन्हा वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी. नवरा दोन दिवस ते टोचत राहिला. तिसऱ्या दिवशी साखर इतकी चढली की त्याला लग्नघरातून थेट हॉस्पिटलात न्यावं लागलं.

तो वाचला, पण घरी आला तो घरचाच झाला. तेव्हापासून एक रात्रही तो बाहेर राहिला नाही. भाच्याच्या साखरपुड्याला नाही, स्वतःच्या बहिणीकडे नाही. कोणी बोलावलं की म्हणायचा, "तुमी जा. मना घरीच बरा हाय." हा तोच माणूस, जो तळोज्याच्या कंपनीतून सुटल्यावर सरळ घरी न येता मोटरसायकलवर खाडीच्या कडेने भटकत यायचा आणि निवृत्त झाल्यावर सगळा किनारा बघू म्हणायचा. निवृत्त झाला, आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसला. शेजारच्या इमारतीत कोणाकडे कोण आलं-गेलं हे तोंडपाठ झालं त्याला. मला त्याचा राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. त्याच्या फ्रीजची सोय मी रस्त्यावर केली तर तो उठेल, असं माझं गणित होतं.

तर फ्रीज.

पहिला सल्ला दिराचा. घरात वापरतात तसा छोटा फ्रीज घे, बॅटरीला इन्व्हर्टर लाव, झालं. मी त्याला समजावलं की बॅटरीत असते बारा व्होल्टची वीज, घरच्या फ्रीजला लागते दोनशे तीसची. ती वाढवून देणारा इन्व्हर्टर मधे बसला की तो आधी स्वतःचं पोट भरणार. फ्रीज बंद असला तरी त्याचं खाणं चालूच. एपीएमसी मार्केटात आम्ही भाजी घ्यायला जायचो तेव्हा मधल्या दलालाला टाळायला काय काय करायचो, आणि इथे मी तो स्वतःच्या पलंगाखाली बसवू? तेव्हा सरळ बारा व्होल्टवर चालणाराच फ्रीज घ्यायचा, हे ठरलं.

वाशीच्या दुकानदाराने आधी एक हलका, सुबक डबा पुढे केला. दिसायला गोड, किमतीला स्वस्त, आणि बारा व्होल्टचाच. मी विचारलं, यात कम्प्रेसर आहे का? नाही, म्हणाला, पण गार करतो ना. बाहेर चाळीस डिग्री असेल तर आत किती? तो जरा घुटमळला. मग म्हणाला, बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस कमी. म्हणजे आत वीस-पंचवीस. एवढ्यात ताकसुद्धा आंबतं. चालू पेन काही दिवस बाहेर राहिलं तरी चालतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण उन्हात तापलेल्या पत्र्याच्या ट्रेलरात नाही, आणि राखीव पेनांना तर दोन ते आठ डिग्रीच हवं. मी तो डबा त्याच्याकडे परत सरकवला.

मग आले कम्प्रेसरवाले. त्यात दोन जाती, उभ्या दाराचा आणि वरून झाकण उघडणारा. नवऱ्याला दाराचा हवा होता. फ्रीजला दार असतं, पेटीला झाकण असतं, हा त्याचा मुद्दा. मी म्हटलं, थंड हवा जड असते, दार उघडलं की ती पायावर सांडते. झाकण उघडलं तर जागेवर बसून राहते. शिवाय आपल्या घाटातल्या रस्त्यांवर दार किती दिवस नीट लागेल? दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, तुम्हीच दुकान चालवा. मग तो मोठ्या आकाराचा गळ टाकू लागला. यात आठवड्याचे मासे राहतील, म्हणाला. मी त्याला विचारलं, आम्ही समुद्राच्या काठाने जाणार, तर मासे समुद्रातून घेऊ की वाशीहून नेऊ? आणि नवऱ्याने पहिल्यांदाच मला साथ दिली. त्याच्या इंजेक्शनाला बोंबलाचा वास नको होता.

झाकणाचा, मध्यम आकाराचा, बाजूला जाळीतून गरम हवा फेकणारा फ्रीज आम्ही घरी आणला. वायर मी दुकानदाराच्या हिशेबापेक्षा जाड लावायला लावली. कमी व्होल्टच्या विजेला रस्ता रुंद लागतो, बारीक वायरीत ती वाटेतच दमते. पहिल्या दिवशी मी आत सगळीकडे थर्मामीटर फिरवून पाहिला. तळाशी, भिंतीला चिकटून, आकडा शून्याच्या जवळ जात होता. म्हणजे पेनं तिथे ठेवली तर पुन्हा लॉजचीच कथा. मग वरच्या जाळीच्या टोपलीत, टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा ठेवला. तिथे पाच. मला मनातून फार आनंद झाला आणि मी तो चेहऱ्यावर दिसूही दिला.

नवऱ्याने मात्र अट घातली. तीन दिवस ट्रेलर इथेच, दाराशी उभा राहील. घरची वीज लावायची नाही. पेनांऐवजी डब्यात पाण्याची बाटली आणि थर्मामीटर. आकडा दोनच्या खाली किंवा आठच्या वर एकदा जरी गेला, तर ट्रेलर भावाला परत आणि हा विषय घरात कायमचा बंद. मी कबूल केलं. मला खात्रीच होती.

तो दर तासाला चप्पल घालून खाली जायचा, झाकण उचलायचा, बघायचा, वर यायचा. पहिला दिवस पाच. दुसरा दिवस पाच, दुपारी सहा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो रक्त तपासायला गेला आणि मी बाजारात. तो माझ्या आधी परत आला असावा. मी भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात शिरले तर त्याने थर्मामीटर ओट्यावर आणून ठेवला होता. बारा. तो गॅलरीत जाऊन खुर्चीत बसला.

मी धावतच खाली गेले. ट्रेलरात फ्रीज दिसतच नव्हता. त्याच्या जागी एक गाठोडं होतं. आधी ओलं गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, आणि त्यावर सुतळीची पक्की गाठ, नवऱ्याने थर्मामीटर काढून नेल्यावर पुन्हा आवळलेली. शेजारी माझ्या सासूबाई पायरीवर बसून वारा घेत होत्या, काम झाल्याच्या समाधानात.

माझ्या सासूबाईंनी उभा जन्म मासळी विकली. पहाटे बर्फ घ्यायचा, तो गोणपाटात गुंडाळायचा, वर जाड कापड टाकायचं आणि संध्याकाळपर्यंत टोपलीत टिकवायचा. त्यांच्या हातचा बर्फ बाकीच्या बायकांच्या आधी कधी वितळला नाही, असं अजून गावात सांगतात. दोन दिवस मुलाला तासातासाला खाली जाताना त्यांनी पाहिलं होतं. थंडी टिकायला हवी, एवढं त्यांना कळलं होतं. आणि थंडी कशी टिकवतात हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी मात्र तेव्हा तोल सोडला. आये, हे काय केलंत, कोणी सांगितलं होतं, असं मी बरंच बोलले. सगळं गाव ऐकेल इतक्या आवाजात.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "बर्फाला वारा लागला का त्याचा पानी होतो. उघडा कोन ठेवतो?"

मी गाठ सोडली, गोधडी वर केली आणि त्यांचा हात धरून बाजूच्या जाळीवर ठेवला. जाळी चांगलीच तापली होती. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"याला तर ताप भरलाय," त्या म्हणाल्या.

मग मी शांतपणे सांगितलं. यात बर्फ नाही. हा आतली गरमी उचलतो आणि या जाळीतून बाहेर टाकतो. जाळी बंद केली की गरमी त्याच्याच अंगात राहते, आणि शेवटी तो दमून बंद पडतो. सासूबाईंनी गोणपाट स्वतःच ओढून काढलं. काही वेळ त्या गोधडी मांडीवर घेऊन बसल्या. मग त्यांनी मला वरून कात्री आणायला सांगितली. त्यांच्याच सासूच्या लुगड्यांची गोधडी होती ती, आणि त्यांनी कसलाही विचार न करता तिला जाळीच्या मापाची खिडकी पाडली. दुसऱ्या बाजूला आणखी एक. कडा दुमडून तिथेच टाके घातले. जाळ्या मोकळ्या ठेवून गोधडी बाकी फ्रीजभोवती बसवली, आणि सुई कापडात खोचून त्या जिना चढून गॅलरीत गेल्या. मी मागे होते.

मुलासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय, त्या यंत्राची नाय. माझ्यापायी तू जनमभर इथं बसनार कं?"

नवऱ्याने खाली उभ्या ट्रेलरकडे पाहिलं. अटीप्रमाणे मी हरले होते आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी एकदाही त्याला विनवलं नाही, विनवलं असतं तर तो नक्की नाही म्हणाला असता. शेवटी तो उठला, चप्पल शोधली आणि म्हणाला, "पयल्यापासून. परत तीन दिस."

ते तीन दिवस आकडा पाचावरून हलला नाही. उलट गोधडीमुळे कम्प्रेसर आधीपेक्षा कमी वेळ चालत होता, हे मी घड्याळ लावून पाहिलं आणि सासूबाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्यांनी फक्त हं केलं.

आम्ही निघालो तेव्हा ट्रेलर मागे जोडलेली आमची गाडी मी चालवत होते. अलिबाग, मुरुड, पुढे श्रीवर्धन आणि रविवारी परत, एवढाच बेत होता. त्याहून जास्त मागायची माझी छाती नव्हती. पहिल्या रात्री नवरा सारखा उठून थर्मामीटर बघत होता. दुसऱ्या रात्री एकदा उठला. मग मी लक्ष ठेवणं सोडलं.

रविवारी सकाळी श्रीवर्धनला सुरूच्या झाडांखाली मी आवराआवर करत होते. चहाची भांडी धुतली, पलंगावरच्या चादरी झटकल्या. नवरा ट्रेलरच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत होता. त्याचं इंजेक्शन घेऊन झालं होतं. त्याने मला विचारलं, पेनं किती दिवसांची आहेत? मी म्हटलं, महिना सहज निघेल. त्याने खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"आये, मी आज येत नाय," तो म्हणाला. "बरा हाय मी. येत नाय फक्त."

मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. लाइन तुटली की काय म्हणून त्याने फोन कानापासून दूर धरला, तेव्हा त्यातून माझ्या सासूबाईंचा आवाज मलाही स्पष्ट आला.

"नको येव. आजून पुढं जा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग तोंड धुतलं, ट्रेलरच्या खिडक्या लावल्या आणि झाडाखाली बसलेल्या नारळवाल्याला हरिहरेश्वरचा रस्ता विचारला.