एका पानात मुक्ताई

मुक्ताई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिनं चार पानी बायोडेटा मुठीत घट्ट गुंडाळून धरला होता. एकोणीस ठिकाणी दिला होता, एकाही ठिकाणाहून फोन नव्हता. धायरी फाट्यावर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. त्याआधी सात वर्षं मी बाणेरच्या एका कंपनीत उमेदवारांचे रेझ्युमे चाळायचं काम करत होते. दिवसाला तीनशे. एका कागदावर आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त नजर ठरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बायोडेट्याच्या पहिल्या पानावर तिचं नाव, वडिलांचं नाव, जात, उंची आणि वजन होतं. मग ‘स्वभाव: कष्टाळू, प्रामाणिक. छंद: वाचन.’ मी विचारलं, शेवटचं काय वाचलंत? ती म्हणाली, ते मागच्या दुकानदारानं आपल्या मनानं टाकलं.

ती धायरीचीच, एकोणचाळीस वर्षांची. दहा वर्षं लेडी बाउन्सर. आधी पब, मग लग्नाची कार्यालयं, मग एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचं दार. आता एका नव्या हॉस्पिटलात सुरक्षा अधिकाऱ्याची एक जागा निघाली होती. अर्ज दीडशेच्या वर, बरेचसे निवृत्त फौजी. तिला तिथं पोचायचं होतं.

मी सांगितलं, एकच पान करू. गुण नकोत, काम लिहू. काय केलंत, किती वेळ, किती माणसांत, त्यातून काय झालं. तिच्या डाव्या कानाची पाळी नव्हती. ते कसं झालं, हे मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीची दुपार. तिच्या चुलतभावाला, यज्ञेश्वरला, सिंहगड रोडवर डंपरनं उडवलं. ती ड्यूटीवर होती त्याच हॉस्पिटलात आणला, तेव्हा स्ट्रेचर तिनंच आत ढकललं. त्याचं रक्त तिच्या बुटांत गेलं होतं. वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गेला. बाहेर भावकीतली तीसएक माणसं उभी होती. कोणीतरी खुर्ची भिरकावली आणि सगळे दारावर आले. आत दोन डॉक्टर आणि एक नर्स. मुक्ताईनं दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली.

सगळ्यात पुढं होता रणजित, यज्ञेश्वरचा धाकटा भाऊ. लहानपणी तिनं त्याला कडेवर फिरवला होता. त्यानं भिंतीवरचा आग विझवायचा सिलेंडर उपसला आणि तिच्या डोक्यावर घातला. डोकं वाचलं, पाळी फाटून लोंबली. दोन दात घशाशी गेले, ते तिनं थुंकले. दुसऱ्यांदा त्यानं सिलेंडर उचलला तेव्हा तिनं फायबरची काठी सरळ तोंडावर मारली. रणजितचा उजवा डोळा फुटला. तरी बाकीचे थांबले नाहीत. कोणी तिचे केस धरून ओढले, कोणी पोटात लाथा घातल्या. पोलीस येईपर्यंत नऊ मिनिटं गेली. आतल्या तिघांना ओरखडाही आला नाही.

भावकीनं तिच्यावर तक्रार केली. ती सीसीटीव्हीपुढं टिकली नाही, पण ठेकेदारानं तिला काढलं आणि चुलत्यांच्या घरचं दार तिला बंद झालं.

मी म्हटलं, हेच सगळ्यात वर लिहायचं. ‘तीस जणांच्या जमावापुढे कॅज्युअल्टीचं दार नऊ मिनिटं रोखलं. तीन कर्मचारी सुखरूप.’

“डोळ्याचं लिवा,” ती म्हणाली.

असं कोणी रेझ्युमेत लिहीत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. मुलाखतीत विचारलं तर तेव्हा सांगा, म्हटलं. ती ऐकेना.

“तिघं वाचली ते माझं काम, आन् डोळा गेला ते कोणाचं? अर्धं लिवायचं असंल तर राहू द्या.”

शेवटी मी तिसरी ओळ घातली: ‘प्रतिकारात एक हल्लेखोर कायमचा जखमी, चौकशीत दोष आढळला नाही.’ एवढ्या वर्षांत मी असं वाक्य टाईप केलं नव्हतं. जात, वजन, वाचन सगळं काढलं आणि पान भरलं.

आठव्या दिवशी नव्या हॉस्पिटलचा फोन आला: सोमवारी मुलाखत. त्याआधी त्यांनी तिच्या जुन्या ठेकेदाराकडे त्या तिसऱ्या ओळीची चौकशी केली. त्याचा सुपरवायझर गावातलाच. त्यानं रणजितला सांगितलं की तुझ्या डोळ्याच्या जोरावर तुझी बहीण नोकरी मिळवतेय.

शुक्रवारी बारा वाजता मुक्ताई प्रिंट न्यायला आली होती. रणजित तिच्या मागोमाग दुकानात शिरला तो लोखंडी पाईप घेऊनच. पहिला फटका काउंटरच्या काचेवर बसला. काच माझ्या मांडीवर सांडली. दुसरा मॉनिटरवर. तिसरा माझ्यावर येत होता. मुक्ताई मध्ये आली आणि तो तिनं डाव्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडावी तसा.

“काय लिवलंस? वाच की!” तो तिच्यावर ओरडत होता.

ती त्याच्या उजव्या बाजूला सरकली. तिकडून त्याला दिसत नव्हतं, आणि ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? खांद्यानं धडक देऊन तिनं त्याला पाडला, गुडघा पाठीत रोवला, पाईप लाथेनं रस्त्यावर ढकलला.

एवढ्यावर मिटलं असतं. पण आजूबाजूच्या दुकानांतले लोक धावून आले आणि त्यांनी रणजितला फरफटत बाहेर नेलं. हार्डवेअरवाल्यानं तोच पाईप उचलला. कोणी बरगड्यांत लाथा मारत होतं, एकानं बुटाची टाच त्याच्या तोंडावर ठेवली. तो आधी शिव्या देत होता, मग नुसता कण्हायला लागला. मी दारात उभी होते. खरं सांगते, मला वाटत होतं, मारू देत.

मुक्ताई माणसं ढकलत आत घुसली आणि त्याच्या अंगावर पालथी पडली. मोडका हात तिनं खाली दुमडून घेतला. दोन-तीन लाथा तिलाच बसल्या. हार्डवेअरवाला तिला उठ म्हणत होता.

“ह्याला हात लावायचा न्हाई. पोलिसांना येऊ द्या,” ती म्हणाली.

आवाज चढलाही नव्हता. हार्डवेअरवाल्यानं पाईप खाली केला. तिच्याखाली रणजित रडत होता आणि पुन्हा पुन्हा यज्ञेश्वरचं नाव घेत होता. पोलीस आले तेव्हा ती उठली, आणि मग भोवळ येऊन माझ्या पायरीवर बसली.

सोमवारी ती प्लास्टर घालून मुलाखतीला गेली. पुढचं तिच्या तोंडून कळलं. समोर तिघं होते. एका डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, पुन्हा तसंच घडलं तर? मुक्ताईनं सांगितलं, दार सोडणार नाही, पण काठी गुडघ्याच्या खाली मारीन. त्या दिवशी घाबरून वर मारली. प्लास्टरबद्दल विचारलं, तेही सांगितलं.

सुरक्षा अधिकाऱ्याची जागा एका निवृत्त सुभेदारांना मिळाली. तिला कॅज्युअल्टीची शिफ्ट प्रमुख म्हणून घेतलं. मला राग आला, तिला नाही. हाताखाली सहा जण आहेत, त्यांना ती काठी कुठं मारायची नाही ते आधी शिकवते. दुसऱ्याच महिन्यात एका पेशंटच्या मुलानं तिच्या थोबाडीत मारली. तिनं त्याला पाणी दिलं आणि बाहेर बसवलं.

माझ्या काउंटरला आता काच नाही, प्लायवूड लावलंय. कोणी घाईनं आत आलं की मी अजून खुर्ची मागं सरकवते.

रणजित जामिनावर आहे, केस चालू आहे. मुक्ताईनं जबाब जसा घडला तसा दिला, कमी नाही, जास्त नाही. त्याच्या आईनं, मथुराबाईंनी, जबाब मागं घ्यायला सांगून पाहिलं. ती नाही म्हणाली. साक्षीदार म्हणून मलाही जावं लागतं. तारखेला शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक रिकामा असतो. एका टोकाला ती बसते, दुसऱ्या टोकाला तो, आणि मध्ये मथुराबाई डबा उघडून दोघांपुढंही धरतात.