दोन म्हणजे आठ

समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, मान जराशी कलती करायची आणि विचारायचं, "दहापैकी किती?" ही ताईंची सवय. ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटला दुखणं असं आकड्यात विचारतात, ते नर्सचं कामच आहे. पण ताई ते सगळ्यांना विचारायच्या. लिफ्टमध्ये चेहरा पाडून उभ्या असलेल्या वॉर्डबॉयला, नवऱ्याशी झालेलं भांडण सांगत बसलेल्या मैत्रिणीला, शहरातल्या रिकार्टन भागातल्या दुकानात आंब्याची पेटी पुढे सरकवणाऱ्या दुकानदारालासुद्धा.

"गोडी दहापैकी किती?"

"ताई, नऊ!"

"म्हणजे सहा. द्या एक पेटी."

आकडा ऐकून घ्यायचा आणि मग त्यात आपलं काहीतरी वजा-अधिक करायचं, हा त्यांचा खरा अभ्यास. मी ख्राइस्टचर्चच्या त्याच हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. औषधांचे डोस तपासायला त्यांच्या वॉर्डात रोज चक्कर असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन शिकवलं होतं, "हे बघ, आपला माणूस आठ म्हणाला की सहा धर. भोवती घरचे चार जण उभे असतात, त्यांना ऐकू जायला नको का? आणि इथला शेतकरी दोन म्हणाला की आठ धर आणि पळ."

मला वाटलं, गंमत करतायत. मग एक दिवस खुब्याचं हाड मोडलेला एक म्हातारा शेतकरी आला. चेहरा खडूसारखा पांढरा, कपाळावर घाम. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "टू. स्वीट अ‍ॅज." म्हणजे दोन, एकदम मजेत. ताईंनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली आणि डॉक्टरांना फोन लावला.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. साऱ्या जगाची विचारपूस करणारं, पण त्याची कुणी केली की हळूच विषय बदलणारं. "ताई, तुम्ही कशा आहात?" म्हटलं की उत्तर यायचं, "मला काय धाड भरलीय? तुझा गुडघा कसा आहे ते सांग."

त्यांची आई मिरजेला वारली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई ड्यूटीवर हजर होत्या. विमानानं गेल्या असत्या तरी वेळेत पोचल्या नसत्या. भावानं सगळं उरकलं होतं. हे त्यांनी आम्हाला दुपारच्या चहाच्या वेळी सांगितलं, तेही कुणीतरी "आईंचं पथ्य नीट चाललंय ना?" असं विचारलं म्हणून. एका नर्सनं उठून त्यांना मिठी मारली. ताईंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "तुझा खोकला अजून गेला नाही वाटतं."

ताईंनी लग्न केलं नव्हतं. आई वर्षातले सहा महिने त्यांच्याकडे येऊन राहायच्या. त्या गेल्यावर ताईंनी आमच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी घरी थांबेनाशा झाल्या. सायकल घेऊन शहरामागच्या टेकड्यांवर जायच्या, आणि मग मलाही ओढून न्यायला लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनीच बेत काढला. पश्चिमेकडच्या डोंगरांतून थेट समुद्रापर्यंत उतरणारी एक वाट आहे. उन्हाळ्यात तिथे पायी जाणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून सायकली फक्त हिवाळ्यात सोडतात. तीन दिवस सायकल चालवायची, दोन रात्री वाटेतल्या लाकडी हटमध्ये काढायच्या. मी, ताई आणि आमच्या हॉस्पिटलमधला फिजिओथेरपिस्ट हेमी असे तिघं निघालो. हेमी माओरी, सहा फुटांचा, लहानपणापासून याच डोंगरांत हिंडलेला. ताईंना तो सिस्टर म्हणायचा आणि त्यांचे डिंकाचे लाडू न विचारता उचलायचा.

पहिला दिवस नुसता चढाचा होता. बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून, शेवाळलेल्या खोडांच्या मधून वाट वर वर जात राहिली. दर थांब्याला ताई हुकूम सोडायच्या, "बोटं दाखवा!" मग मी आणि तो एवढा थोरला हेमी, हातमोजे काढून शाळेतल्या मुलांसारखे हात पुढे करून उभे राहायचो. त्या एकेक नख दाबून बघायच्या, रंग परत येतोय का ते. "हं, चला." त्यांची स्वतःची बोटं बघायची आम्हा दोघांना आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि वर उघडं पठार लागलं. पिवळ्या गवताचे झुबके, मधून ओहोळ, आणि तोंडावर वारा. पावसात बर्फाचे बारीक खडे मिसळले होते. हटमध्ये शेगडी पेटवून ठेवतो म्हणून हेमी पुढे गेला. आम्ही दोघी मागून हळूहळू निघालो. एका ओहोळावरच्या फळ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. ताईंचं पुढचं चाक सरकलं आणि त्या सायकलीसकट खाली. कमरेइतकं पाणी होतं. मी धावेपर्यंत त्या हसत हसत काठावर चढल्यासुद्धा.

"अंघोळ राहिली होती सकाळची!"

"ताई, कपडे बदला आधी."

"हटवर बदलते. किती राहिलंय आता?"

"थंडी किती वाजतेय?"

"दोन," त्या म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

मी ऐकलं. त्या वरिष्ठ, त्या नर्स, त्यांना कळतं, असं मनाशी म्हटलं आणि मागून निघाले.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ताई बोलत नाहीयेत. चढावरसुद्धा धापा टाकत बोलणारी बाई. मी त्यांना थांबवलं. पाठपिशवीतून लाडू काढून हातात दिला, तर त्यांना त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी सोडवता येईना. बोटं नुसतीच पिशवीवरून फिरत होती. ओठ निळसर. मी म्हटलं, "ताई, खाऊन घ्या." त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत जड जिभेनं म्हणाल्या, "नको गं. आई थांबलीये पुढे. तिला उशीर होतो."

पठारावर आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती. क्षणभर वाटलं, हेमीला ओरडून बोलवावं, पण वाऱ्यात हाक चार पावलांपलीकडे जात नव्हती. जे करायचं ते मलाच करायचं होतं.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला मी त्यांना ओढत नेलं. सायकली गवतात टाकल्या. "कपडे काढा."

एवढ्या अवस्थेतही त्या बावरल्या. "इथं? उघड्यावर?"

"इथं कोण बघतंय? तो पक्षी सोडून." खरंच, एक वेका येऊन उभा होता. कोंबडीएवढा, तपकिरी, उडता न येणारा आणि अट्टल चोर. आमच्या डोळ्यांदेखत त्यानं ताईंचा खाली पडलेला भिजका हातमोजा चोचीत धरला आणि गवतात पळून गेला. ताई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांना राग आला नाही, हसू आलं नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

"मी ठीक आहे," त्या पुटपुटल्या. "दोन. दोनच."

"दोनाचे आठ करायला तुम्हीच शिकवलंत," मी म्हटलं. रडत होते की ओरडत होते, आता आठवत नाही. त्यांचे ओले कपडे उतरवले, माझ्या पिशवीतले कोरडे लोकरीचे कपडे चढवले, वर जाकीट, डोक्यावर टोपी, आणि त्यांना गळ्यापर्यंत स्लीपिंग बॅगमध्ये बसवलं. मागून बिलगून बसले. थर्मासमधला गोड चहा थोडा थोडा पाजला. लाडवाचा तुकडा तोंडात घातला आणि लहान मुलाला सांगावं तसं "चावा" म्हणत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या थरथरायला लागल्या. दात एकमेकांवर वाजायला लागले. मला औषधांतलं कळतं तेवढ्यावरून मी ओळखलं, ही थरथर चांगली. शरीर परत लढायला उभं राहिलंय.

थरथर ओसरत आली तेव्हा त्या एकदम स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "माझा हातमोजा नेला गं त्या मेल्यानं."

इतकी सुंदर तक्रार मी आयुष्यात ऐकली नाही.

आम्ही उशीर करतोय म्हणून हेमी पायीच परत फिरला होता. समोरून त्याचा लाल रेनकोट दिसला. त्यानं ताईंचा चेहरा पाहिला, दोन्ही हातांत दोन सायकली धरल्या आणि आमच्या पुढे चालायला लागला. मी ताईंना धरून चालवत नेलं.

हटमध्ये शेगडी लाल झाली होती. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. ताई बाकावर स्लीपिंग बॅग पांघरून बसल्या. मी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "आता खरं सांगा. दहापैकी किती?"

"थंडी तीन," त्या म्हणाल्या. मग आवाज फाटला. "बाकीचं दहा आहे गं. वर्ष झालं, दहाच आहे."

आणि त्या रडल्या. खांदे गदगदा हलवत, तोंडाला पदर असता तर त्यात लपवलं असतं तसं तोंड स्लीपिंग बॅगमध्ये खुपसून रडल्या. हेमीला मराठी येत नाही. पण तो आपला मग घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"आमच्याकडे माणूस गेलं की त्याला एकटं ठेवत नाहीत," तो म्हणाला. "त्याच्याजवळ बसतात. दिवसचे दिवस त्याच्याबद्दल बोलतात. हसतातसुद्धा. तुमची आई गेली तेव्हा कुणी विचारलं नाही का, ती कशी होती?"

ताईंनी मान हलवली. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"मग सांगा ना, सिस्टर. कशी होती?"

ताई सांगायला लागल्या. मिरजेच्या घरात सायकल होती, पण ती भावाची. मुलीनं बसायचं नाही, असं वडिलांचं म्हणणं. आई तेव्हा गप्प राहिली. पुढे म्हातारपणी ख्राइस्टचर्चला आली आणि हॅगली पार्कात सत्तरीच्या बायका सायकलवर जाताना बघून लेकीला म्हणाली, "तू अजून का बसली नाहीस?" पन्नाशीला आलेल्या मुलीला तिनं जुनी सायकल घ्यायला लावली. स्वतः नऊवारीवर जाकीट आणि पायांत बूट घालून पार्कात उभी राहायची आणि ओरडायची, "खाली बघू नकोस! पुढे बघ!" येणारेजाणारे माओरीत नमस्कार म्हणून 'किआ ओरा' म्हणायचे, तर तिला वाटायचं, 'किती वेळा' असं विचारतायत. ती उत्तर द्यायची, "रोज! रोज येतो आम्ही!"

हेमी इतका हसला की त्याच्या मगातला चहा सांडला. ताईही हसल्या, डोळे पुसत पुसत. अंधार पडेपर्यंत त्या आईबद्दल बोलत होत्या, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मग थकून गाढ झोपल्या.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. गवताच्या पात्यापात्यावर गोठलेलं दव, आणि मागच्या सगळ्या शिखरांवर नवं बर्फ. हेमीनं ताईंच्या उजव्या हातात आपला हातमोजा घातला. तो त्यांच्या कोपरापर्यंत आला. उतार मोठा होता. जंगल लागलं, मग ताडासारखी निकाऊची झाडं, आणि दुपारी एका वळणावर समुद्र. ताईंनी सायकल तशीच वाळूत घातली. चाक रुतलं, त्या आडव्या झाल्या, आणि तिथेच पडून आभाळाकडे बघत राहिल्या. आम्ही त्यांना उठवलं नाही.

परतल्यावर ताईंनी पहिल्यांदाच लांब रजा मागितली. मिरजेला जाऊन भावाजवळ दीड महिना राहिल्या. परत आल्या त्या जरा जाड होऊन. आणि काही महिन्यांतच त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातल्या दवाखान्यात बदली करून घेतली. "तिथं डोंगर दाराशी आहेत," एवढंच कारण सांगितलं. वॉर्डात आता दुसरी नर्स आहे. चांगली आहे. पेशंट जो आकडा सांगतो तोच लिहून घेते.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी ताईंचा फोन आला. मला वाटलं, नव्या वाटेचा बेत असेल.

"मला तीन दिवस ताप आहे," त्या म्हणाल्या. "एकटीला जमत नाहीये. तू येतेस का?"

मी गाडी काढली. घाट ओलांडून पोचायला दुपार झाली. दार लोटलेलंच होतं. ताई पांघरुणात होत्या, चेहरा उतरलेला. मी खिचडी टाकली. त्यांनी पहिला घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, "मीठ कुठंय यात?" आणि तरी सगळी संपवली. मग माझा हात हातात घेऊन झोपल्या. मी हात सोडवून घेतला नाही. खिडकीबाहेर पाऊस उघडत होता आणि डोंगर एकेक करून दिसायला लागले होते.