अप्पांचं हैदराबाद

सिद्राम अप्पांनी बोट वर केलं की नवख्या माणसाला वाटायचं, हे सिद्धेश्वराला साक्षी ठेवताहेत. अप्पा हैदराबाद दाखवत असायचे. विमा कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय तिथं आहे, एवढ्यावरून. "वर हैदराबाद हाय की! कंपनी काय करतीया?" सोलापूरहून हैदराबाद पूर्वेला, पण अप्पांपुढं भूगोल काढायची कुणाची छाती नव्हती.

शुक्रवार पेठेत त्यांचं चादरींचं दुकान. उभ्या गल्लीच्या पॉलिस्या ते भिंगाखाली धरून वाचायचे. मी त्याच गल्लीतला विमा एजंट. मला पाहिलं की विचारायचे, "बारीक अक्षर वाचलं का रं?" मी बेधडक हो म्हणायचो. वाचलं होतं कुणी!

मग आमच्या गल्लीतला रिक्षावाला शिवानंद हार्ट अटॅकनं गेला. पॉलिसी माझ्याकडूनच काढलेली. कंपनीनं त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, पत्र धाडलं: विमेदारानं मधुमेह लपवला, सबब दावा नामंजूर. पदरात दोन मुली. अप्पा तावातावानं त्यांच्या घरी गेले आणि हार घातलेल्या फोटोलाच झापू लागले. "यप्पा! पॉलिसीला तीन वर्सं झाली की कंपनीला शंका काडता येत न्हाय, कलमच हाय तसं. आनि चार म्हैनं थांबला असतास तर काय बिघडत हुतं?" शोभावहिनी रडता रडता हसल्या.

तक्रार विमा लोकपालांकडे गेली. सुनावणी मोबाईलवर, अप्पांच्याच दुकानात. अप्पा कोट घालून, फेटा बांधून हजर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, म्हणून कॅमेऱ्याच्या बाहेर उभे. लोकपाल पडद्यावर येताच त्यांनी खूण करून सगळ्यांना उभं केलं. चादरी घ्यायला अकलूजहून आलेलं गिऱ्हाईकही हात जोडून उभं राहिलं.

कंपनीचा माणूस बोलत होता. अप्पा माझ्या कानाशी आले. "फॉर्म कुनी भरला हुता?"

मीच. आमची रीतच ती: चहा येईपर्यंत आजारांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहून टाकायचं. शिवानंद म्हणाला होता, "सायब, शुगर हाय बरं का." मी म्हणालो होतो, "असू दे रे, उगाच तपासण्या लावतात." आता तोंड उघडलं तर लायसन जाणार, मिटलं तर त्या पोरींचं छत्र.

अप्पांनी बोट वर केलं नाही. नुसतं मोबाईलकडे दाखवलं. मी पुढं सरकलो आणि सगळं सांगून टाकलं.

दावा मंजूर झाला. लायसन गेलं.

आठवड्यानं अप्पा घरी आले. "आता तुज्यावर इस्वास बसला. काड माजी पॉलिसी."

"अप्पा, लायसन कुठंय आता?"

ते विचारात पडले. "व्हय की. मग नियमात बसत न्हाय." उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "उद्यापास्नं दुकानात ये. चादरी इकायला लायसन लागत न्हाय. म्या बगितलंय."

खोटं कशाला सांगू, मी दारातच रडलो.