पन्नासचे त्रेपन्न

सूर मोजणारं ट्यूनर ॲप काळी चार दाखवत होतं आणि सुजाताच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ए मायनर. ए म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. म्हणजे अख्खं रेकॉर्डिंग अर्धा स्वर खाली गेलेलं. मी कपाळाला हात लावला. सुजाता वाजवून घरी गेली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फाइल अपलोड करायची होती.

नागपुरात माझा छोटासा स्टुडिओ आहे. सुजाता रामटेके शाळेत संगीत शिकवते. तिला परदेशातल्या एका संगीतशाळेत बरोक बासरी शिकायला जायचं होतं. बरोक म्हणजे युरोपातलं सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. त्याची बासरी लाकडी, आडवी, एकाच चावीची, म्हणजे भोक झाकणाऱ्या एकाच पट्टीची असते. तिच्यावर सुजाताने साथीशिवायची एक सोनाटा, म्हणजे काही भागांची रचना, वाजवली होती. पहिला भाग संथ आणि उदास. वयाची अट होती, त्यामुळे हा तिचा शेवटचाच अर्ज.

आमच्याकडे एक सवय आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्राची गाणी असोत की जयंतीची, गाणारा जाताना सांगतोच, "भाऊ, जरा चढवून द्या." मग आम्ही स्पीड थोडा वाढवतो. सूरही चढतो, लयही. गाणं टवटवीत होतं आणि गिऱ्हाईक खूश. वीस वर्षांत मला कुणी नावं ठेवली नव्हती. मी सुजाताच्या फाइलचा स्पीड सहा टक्क्यांनी वाढवला. सूर बरोबर पांढरी सहावर आला. पोरीची चूक गुपचूप निस्तरली याचं मला समाधानच वाटलं. फाइल तिला पाठवून दिली.

तासाभरात तिचा फोन आला.

"दादा, हे मी वाजवलंय?"

"मग कोणी?"

"पहिला भाग किती पळतोय! त्यातलं दुःखच गेलं. मी घाबरले की पळते. राहू द्या, नाही पाठवत मी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "छान आहे गं, पाठव." एवढंच. ती स्वतःला दोष देत राहिली आणि मी तो देऊ दिला. या लेखात मला कबूल करायचं आहे ते हेच. स्पीड वाढवला ती चूक होती. गप्प बसलो ते पाप.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील आले. रामटेके काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते, आता निवृत्त.

"पोरगी कालपासून जेवली नाही गा," ते म्हणाले. "म्हणते, मीच बिघडवलं. मले आयकू दे एकदा."

मी हेडफोन दिला. बासरी सुरू होण्याआधी चार-पाच सेकंदांची शांतता आहे. त्या शांततेतच काकांनी हात वर केला.

"थांब. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"हे गुणगुण कायची?"

"खिडकीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर, काका. अगदी बारीक आहे. काढायला गेलो तर बासरीचे खालचे सूर खराब होतात, म्हणून ठेवली."

"ते बरोबर. पण हे पन्नासची नाही."

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि ट्रान्सफॉर्मर त्याच हिशोबाने गुणगुणतो. काकांचं अख्खं आयुष्य त्या आवाजात गेलं होतं.

"त्रेपन असन," ते म्हणाले. "त्रेपनवर आमचं युनिट केव्हाचं ट्रिप होऊन बंद पडलं असतं. पोरगी पळन एक वेळ. पण तिच्यासंगं ट्रान्सफॉर्मर काहून पळून राहिला?"

पन्नासचे सहा टक्के म्हणजे तीन. मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. कालचा फोनसुद्धा.

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मले नको सांगू. तिले लाव फोन."

लावला. ऐकून घेतल्यावर सुजाता आधी रडली, मग चिडली.

"दादा, बरोकचा सूर आजच्यापेक्षा अर्धा स्वर खालीच असतो! आजचा ए सेकंदाला चारशे चाळीस कंपनांचा, आमचा चारशे पंधराचा. बासरी तशीच बनवलेली असते. त्यांना तेच हवंय. एक फोन करायचा होता ना!"

"चुकलो गं."

"मूळ फाइल आहे का?"

"आहे."

"मग तुम्हीच अपलोड करा. हात नका लावू कशाला."

काका शेजारी बसले. त्यांनी मूळ फाइलची सुरुवातीची शांतता ऐकली, मग डोळे मिटून अख्खा पहिला भाग ऐकला. डोळे न उघडताच म्हणाले, "हे माही पोरगी आहे." चार वाजून वीस मिनिटांनी फाइल गेली.

सुजाताची निवड झाली. पत्रात पहिल्या भागाच्या संथ लयीचं कौतुक होतं. ते वाक्य तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

ती तिकडे पोचली त्या दिवशी काका स्टुडिओतच होते. फोनवर त्यांनी जेवलीस का विचारलं, थंडीचं विचारलं, आणि मग विचारलं, "तिकडची वीज कितीची आहे वं?"

"पन्नासचीच, बाबा."

"मंग काही काळजी नाही," म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

स्पीडचं बटण अजून तिथेच आहे. आता त्याला हात लावण्याआधी मी फोन करतो. बहुतेक वेळा समोरचा म्हणतो, "चढवा ना भाऊ, विचारता काय." तरी विचारतो.